मास्तर गोळी कुटतात

टेलर मास्तरांचं माप आजवर कधी चुकलेलं नाही. म्हणजे, तसं ते स्वतःच सांगतात. सदरा घट्ट झाला तर गिऱ्हाइकाचं पोट वाढलेलं असतं, आणि पँट आखूड झाली तर त्यानं ती गरम पाण्यात घातलेली असते. त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही, पैसे देतो आणि पोट आत घेऊन घरी जातो.

अशा माणसाची मुलगी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला. मग काय विचारता! शेजारचा इस्त्रीवाला एकदा म्हणून बसला, "दुकानात गोळ्या विकायला चार वर्षं कशाला लागतात हो?" मास्तरांनी कात्री खाली ठेवली आणि त्याला समोर बसवून घेतलं. गोळी विकायची नसते बाबा, आधी ती बनवायला शिकायचं असतं. पावडर ओली करायची, तिचे दाणे पाडायचे, वाळवायचे, मग यंत्रात दाबायचे. दाब जास्त झाला तर गोळी पोटात विरघळत नाही, कमी झाला तर पाकिटातच भुगा. मग अंगाइतक्या कोमट पाण्यात ती ठेवून बघायचं, किती वेळात किती औषध सुटतंय ते. शिवाय झाडांच्या साली सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायच्या, मलमं घोटायची, तान्ह्या पोराचा डोस त्याच्या वजनावरून काढायचा. मुलगी सुट्टीत घरी आली की हे सगळं सांगायची आणि मास्तर पाठ करून ठेवायचे. त्या दिवशी इस्त्रीवाल्याची इस्त्री थंड पडली.

घरात मात्र काळजी होती. मास्तरीणबाईंना बीपीची गोळी सुरू झाली आणि तेव्हापासून सकाळी गरगरायला लागलं. एकदा तर त्या बाथरूममध्ये पडल्या, कपाळाला खोक पडली. आणि संध्याकाळी दवाखान्यात मोजावं तर बीपी चढलेलंच. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. पुढच्या वेळी असंच निघालं तर डोस वाढवू, म्हणाले. ज्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दवाखान्यात जायचं होतं, त्याच दुपारी मुलगी सुट्टीला घरी पोचली.

आईच्या कपाळावरची पट्टी बघून तिनं पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. गोळ्यांचं पाकीट मागितलं, त्यावरची बारीक अक्षरं वाचली. "आई, ही घेतेस कशी?"

"तिला विचारू नकोस, मला विचार," मास्तर पुढे सरसावले. "हिच्या घशात अडकते. म्हणून पहिल्या दिवसापासून मी खलबत्त्यात कुटतो, मलमलीतून गाळतो आणि सकाळी मधातून देतो. एक कण वाया जात नाही."

मुलीनं पाकीट त्यांच्यासमोर धरलं.

"बाबा, ही कुटायची नसते."

"का? पोटात जाऊन भुगाच व्हायचा ना तिचा?"

"हळूहळू व्हायला हवा. दिवसभर थोडं थोडं औषध सुटेल अशी बनवलीय ती. कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं, म्हणून आईला सकाळी चक्कर येते. आणि संध्याकाळपर्यंत ते संपून जातं, म्हणून बीपी चढतं."

मास्तर खुर्चीत बसले. "म्हणजे ती माझ्यामुळे पडली?"

"हो," मुलगी म्हणाली. मग त्यांच्याजवळ जाऊन बसली. "तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांना सांगू, ते बदलून देतील. आपल्या मनानं काही करायचं नाही, हेही आम्हाला शिकवतात."

संध्याकाळी दवाखान्यात तिघंही गेली. डॉक्टरांनी बीपी मोजलं, मान हलवली आणि पेन उचललं. "डोस वाढवावा लागणार. गोळी नीट घेता ना?"

"हो, रोज गिळते की," मास्तरीणबाई पटकन म्हणाल्या. इतकी वर्षं नवऱ्याचा तोरा सांभाळलेली बाई ती, परक्या माणसासमोर त्याला खाली बघायला लावणार थोडीच. मुलगी बोलायला गेली तर तिचा हात त्यांनी घट्ट दाबून धरला.

"खोटं बोलतेय ती," मास्तर म्हणाले. "मी कुटून देतो. रोज. त्यानंच ती पडली."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "हे मी आधीच विचारायला हवं होतं. तुम्हाला कळलं कसं?"

"हिनं पकडलं." मास्तरांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "पाकीट हातात घेतलं आणि एका प्रश्नात पकडलं. माझी मुलगी आहे ही."

डॉक्टरांनी मुलीशी बोलून औषध बदललं. हे कुटलं तरी चालेल, म्हणाले. मास्तरीणबाईंनी डोळे पुसले आणि नवऱ्याकडे असं बघितलं, जसं लग्नानंतर क्वचितच बघितलं असेल.

बाहेर बाकांवर पेशंट ताटकळत बसले होते. मास्तर दारातच थांबले. मुलीला वाटलं, चप्पल शोधताहेत.

"ऐका जरा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी बायकोची गोळी कुटून देत होतो. कुटायची नव्हती ती. बाई पडली माझी. तुमच्यात आणखी कुणी कुटून घेतं का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या बाईनं हळूच हात वर केला. मग तिच्या पलीकडच्या माणसानं.

"बाळ," मास्तर मुलीला म्हणाले, "तू बस इथे, यांची पाकिटं बघ. आम्ही थांबतो."