देवीचं न्हाणं राहिलं

त्या वर्षी माझा देवावरचा विश्वास उडाला होता, असं मी म्हणणार नाही. मी थकले होते, एवढंच. संध्याकाळी दिवा लावायची, हात जोडायची आणि एकच मागायची, की आई, कुणाला कळू देऊ नको. बाकी काही मागायचं त्राणच उरलं नव्हतं. नवरा आजारी पडला तेव्हा आम्ही घरात आणि गल्लीत टीबी सांगितला होता. खरं काय ते त्याला, मला आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनाच ठाऊक. तो वारल्यावर माझी तपासणी झाली आणि मलाही एचआयव्ही निघाला. गावाकडची शेंद्र्याची जमीन कंपन्यांसाठी गेली तेव्हा आम्ही शहरात गारखेड्यात दोन खोल्या घेतल्या होत्या. आता तिथं मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांना लेकाचं खरं दुखणं कळलं तर त्या मला घरात ठेवतील का, हा घोर मला रात्रंदिवस होता. माहेरचं कुणी उरलं नव्हतं.

ताप अंगावर काढता येतो, अशक्तपणा हसण्यावारी नेता येतो. कातडीचं तसं नाही. हातापायांवर बारीक पुरळ उठायचं, खाजवून खाजवून रक्त निघायचं, आणि बरं होताना काळा डाग मागं ठेवून जायचं. भर उन्हाळ्यात मी मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज घालायची. दुष्काळानं मात्र माझी लाज राखली. नळ कोरडे, टँकरचं पाणी गढूळ, आणि त्या पाण्यानं अख्ख्या गल्लीला खाज सुटलेली. 'पाणी बाधलं' म्हटलं की कुणी पुढं विचारायचं नाही. दुष्काळाचे उपकार मानणारी अख्ख्या मराठवाड्यात मी एकटीच असेन.

दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. एकही गोळी चुकवायची नाही, हे तिथल्या बाईंनी इतक्यांदा बजावलं होतं की झोपेतही ऐकू यायचं. मी घरी साड्यांना फॉल लावायची, त्या शिवणाच्या टोपलीत चिंध्यांखाली गोळ्या लपवल्या होत्या. थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी ताप भरला आणि छातीपासून पोटापर्यंत लालभडक पुरळ उठलं. आत्यांनी पदर बाजूला करून पाहिलं आणि त्या चार पावलं मागं सरल्या. मला वाटलं, संपलं, ओळखलं त्यांनी. तर त्यांनी खाली वाकून माझ्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाल्या, आई आली गं माझ्या घरी.

आमच्याकडं अंगावर देवी आली की ते दुखणं नसतं, पाहुणी असते. आत्यांनी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. फोडणी बंद, तळण बंद, मोठ्यानं बोलणं बंद. मला नावानं हाक मारायची नाही, आई म्हणायचं. औषधाचं तर नाव काढायचं नाही, औषध दिलं की देवी कोपते. आणि सुई घरात चालत नाही म्हणून माझी टोपली त्यांनी उचलून शेजारणीच्या माळ्यावर ठेवून दिली. ती परत तरी काय म्हणून मागणार? रात्री त्या माझ्या अंथरुणाशेजारीच झोपायच्या.

ज्या अंगाची मलाच किळस यायची, त्या अंगापुढं ही बाई सकाळ-संध्याकाळ हात जोडत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पहिल्यांदा आईचा राग आला. म्हटलं, आई, लपव म्हणाले होते मी, तर तू माझ्या गोळ्याच तोडल्यास? आता मी मरणार, आणि देवी म्हणून मरणार. ओठ फुटले, तोंडात फोड आले, दहीभातसुद्धा गिळवेना. डोळे उघडले की चरचरायचे. आत्या म्हणायच्या, लई कडक हाय ह्यावेळी आई.

देवीला निरोप देताना लिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालतात. तोवर उंबरा ओलांडायचा नाही. पण घरात पिण्यापुरतंच पाणी. तेव्हा ज्या गल्लीत टँकर आला की एकमेकींच्या झिंज्या उपटायच्याच काय त्या बाकी असायच्या, त्याच गल्लीतल्या बाया देवीसाठी म्हणून एकेक कळशी घेऊन आल्या. कळशी ठेवायची, लांबूनच नमस्कार करायचा आणि जायचं. त्यात कोपऱ्यावरच्या घरात नुकतीच भाड्यानं आलेली एक बाई होती. उस्मानपुऱ्याकडून आलेली, एवढंच माहीत. तिनं कळशी ठेवली, नमस्काराला वाकली आणि तशीच माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आत्या चुलीशी होत्या. ती माझ्या कानाशी आली.

"ताई, नवीन गोळी चालू केली का तुम्ही? मला बी त्या गोळीनं असंच उठलं होतं. तोंडात, डोळ्यांत. ही देवी नाय. आजच्या आज दवाखान्यात चला."

मी मान हलवली, कसली गोळी म्हणून. मग तिच्याकडं पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं की ह्या बाईनं काय केलंय. जे मी जिवापाड लपवत होते, ते हिनं अनोळखी बाईच्या पदरात टाकून दिलं होतं. मी उद्या गल्लीत बोलले असते तर तिचं बिऱ्हाड त्याच दिवशी रस्त्यावर आलं असतं. आता आणखी लपवायला माझ्याकडं काही उरलं नव्हतं. मी आत्यांना हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं.

आत्या खाली बसल्या. चुलाणावरच्या लिंबाच्या पाण्याखालची लाकडं त्यांनी बाहेर ओढली.

"त्यालाबी हेच हुतं?"

"व्हय, आत्या."

"आन् तुला त्याच्याकडून."

त्या उठल्या, कोनाड्यातल्या देवीच्या तसबिरीला कुंकू लावलं आणि शेजारणीशी बोलावं तसं तिला म्हणाल्या, "आई, न्हाऊ घालायचं राहिलं, रागावू नको. आधी हिला दाखवून आणते." तोवर त्या बाईनं रिक्षा थांबवली होती.

डॉक्टरांनी मला तिथंच दाखल करून घेतलं. त्या गोळीची रिअ‍ॅक्शन होती. मी भीत भीत म्हटलं की काही दिवस गोळ्या घेताच आल्या नाहीत. ते म्हणाले, म्हणून वाचलात, आणखी घेतल्या असत्या तर अंगाची सालपटं निघाली असती. मग रागावलेही. पुरळ उठलं त्याच दिवशी यायचं, घरी बसून आपल्या मनानं काही करायचं नाही, दैव दरवेळी साथ देत नाही. त्यांचं बरोबरच होतं. त्यांनी पुढं औषध बदलून दिलं, आणि त्याच औषधावर मी आज हे लिहिते आहे.

ती बाई काही महिन्यांनी दुसरीकडं राहायला गेली. तिला आमच्या गल्लीत कुणी पाठवलं, ह्यावर मी वाद घालत नाही. एवढंच म्हणते की मी आईकडं जे एकच मागत होते, नेमकं तेच आईनं दिलं नाही. दिलं असतं तर मी देवी म्हणूनच गेले असते. तेव्हापासून मी मागताना यादी देत नाही. तुला समजेल ते कर, म्हणते आणि दिवा लावते.

वॉर्डातली एक दुपार मात्र सांगायची राहिली. नर्सनं अंगाला लावायचं गुलाबी औषध दिलं होतं. माझा हात पाठीला पोचेना. आत्यांनी बाटली घेतली, कापूस सारला बाजूला आणि हातानंच लावायला लागल्या. नवरा आजारी पडल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात लागला नव्हता. मला रडू फुटलं. म्हटलं, आत्या, नंतर साबणानं हात धुवा हो.

"हात धुवायला पाणी हाय का ह्या गावात?" त्या म्हणाल्या. "नीट बस, हालू नको."