ढेबेमामांची चाकं

वरंधहून फोन आला तेव्हा मी तोंडी परीक्षेचं वेळापत्रक लावत होते. "मॅडम, आबा सकाळी गेले," ढेबेमामांचा मुलगा म्हणाला. मी दोनच गोष्टी विचारल्या, किती वाजता नेणार आणि गाडी कुठवर येते. फोन ठेवून वेळापत्रक पुरं केलं आणि निघाले. त्याला आता महिना झाला.

जानू ढेबे महाडच्या आमच्या पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉपचे मदतनीस होते. मी तिथं मेकॅनिकल शिकवते. ते वरंधच्या वरच्या धनगरवाड्यातले. लहानपणी दुधाची कावड घेऊन उतरायचे आणि मीठ-तांदूळ भरून तीच कावड वर चढवायचे. मुलं त्यांना मामा म्हणत. सात वर्षांपूर्वी आमची मुलं पहिल्यांदा पुण्याला रोबोच्या स्पर्धेला निघाली, तेव्हा चारही चाकं मामांनी लेथवर लाकडातून काढली आणि त्यांवर स्कूटरच्या ट्यूबचं रबर चिकटवलं. प्रत्येक चाकाला वेगळी मोटर. रोबोनं ठोकळे घेऊन तिरकी फळी चढायची होती आणि त्याचं वजन पंधरा किलोच्या आत हवं होतं. मी एकेक भाग वाण्याच्या काट्यावर तोलून यादी केली, बेरीज चौदाच्या आत आली. मामा म्हणाले, "अख्खा उचलून भाताच्या वखारीत नेऊ, मोठ्या काट्यावर." मी म्हटलं, "यादी आहे ना."

पुण्यात काट्यावर रोबो सव्वा किलोनं जास्त भरला. माझ्या यादीत वायरी, नट-बोल्ट आणि वेल्डिंगचं झाळकाम नव्हतं.

पाऊण तास हातात होता. दोन मोटरी चाकांसकट काढून त्या जागी सोबत आणलेली छोटी, मोटरीशिवाय नुसती फिरणारी चाकं लावायची, एवढाच मार्ग होता. मागच्या मोटरींच्या पट्ट्या लोखंडी, जड. त्या काढल्या की वजन एका फटक्यात बसत होतं. मामा म्हणाले, "मागच्या नका काढू, मॅडम. चढाला सगळा भार मागं येतो. कावड घेऊन चढताना माणूस मागच्या पायानं रेटतो. पुढच्या काढा."

"पुढच्या काढून दोनशे ग्रॅम जास्तच राहतात."

"मग खालच्या पत्र्याला भोकं पाडतो, तेवढं वजन उतरंल. अर्धा तास लागंल."

"मामा, गाळणी होईल त्याची," एक मुलगी म्हणाली.

"गाळणीतना पाणी जातं गो, रोबो नाय जात."

सगळे हसले. मी घड्याळ बघितलं आणि मागच्या मोटरी काढायला सांगितल्या. रोबो फळीच्या मध्यापर्यंत गेला. मग पुढची चाकं जागच्या जागी फिरत राहिली... आणि तो हळूहळू मागे घसरत आला.

परत आल्यावर मी अहवालात लिहिलं, 'चाकांची पकड अपुरी पडली.' खोटं नव्हतं ते. पण तेवढंच वाचून पुढच्या वर्षापासून चाकं बाहेरून मागवायचं ठरलं आणि मामांच्या लेथवरचं ते काम थांबलं. अहवाल फाइलला त्यांनीच लावला. मला एवढंच म्हणाले, "रबर बरा हाय, मॅडम." मी "हो" म्हटलं आणि हजेरीपट भरायला घेतला. दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. वाड्यावर जाऊन खरं काय ते सांगायचं, असं मी दर सुट्टीत ठरवलं. दर सुट्टीत दुसरं काही निघालं.

गेल्या आठवड्यात वर्कशॉपमधल्या जुन्या सामानाची तपासणी होती. कपाटावर, गोणपाटाखाली तो रोबो सापडला. मागच्या मोटरी पुन्हा बसवलेल्या, पुढच्या काढलेल्या. पत्र्याला सारख्या अंतरावर भोकं, आखून पाडलेली. हे त्यांनी कधी केलं, कुणाला ठाऊक नाही. बॅटरी मेली होती. तेवढ्याच वजनाची दुसरी लावली आणि या वेळी अख्खा तोलला. पंधराच्या आत. फळी तिरकी लावून ठोकळे ठेवले. तो वर गेला. मी खाली स्टुलावर बसून राहिले.

आता तो अहवाल कुणी उघडणार नाही, म्हणून इथं लिहिते. चाकं चांगली होती. मोटरी मी चुकीच्या काढल्या, आणि त्या कुणी काढायला लावल्या हे लिहिलं नाही.

रोबो भंगारात जाऊ दिला नाही. तो कपाटावरच आहे. प्रत्येक भोकाची कड मामांनी कानशीनं घासून ठेवली आहे, उचलणाऱ्याच्या बोटाला लागू नये म्हणून.