डाव्या बाजूची जागा

फोन आला तेव्हा फोरमन माझ्या डाव्या बाजूला बसलेला होता. भिलाईला लागून असलेल्या कोहक्यातल्या मोकळ्या प्लॉटवर सकाळचा सराव चालू होता. मी फोन घ्यायला थांबले, म्हणून तो बसला. माणूस थांबला की बसायचं, हे त्याला शिकवलेलं आहे. पलीकडून बाबा म्हणाले, "मोठेबाबा गेले." आणि थोड्या वेळानं, "कुत्र्याले आत्ताच घरी नको आणू. लोकं जमून राहिले." फोन खिशात ठेवून मी तशीच उभी राहिले. फोरमन मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या लेखी सराव संपलेला नव्हता... त्याला मोकळं करणारा शब्द मी अजून म्हटला नव्हता.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ते भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवायचे. वर केबिनमध्ये बसायचं आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हाताकडे बघत वितळलेल्या पोलादाची बादली पुढेमागे न्यायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून ते आणि मोठी आई कोहक्यात छोटं घर बांधून राहायला आले, आणि त्याच वर्षी त्यांनी लॅब्राडोरचं काळं पिल्लू आणलं. पहिल्या दिवशी ते पिल्लू घरभर फिरून प्रत्येक वस्तू हुंगून आलं आणि मग कूलरसमोर झोपलं. मोठेबाबा म्हणाले, "इन्स्पेक्शन पुरं, काम काहीच नाई. हा तं फोरमन हाये." तेच नाव पडलं.

कुत्र्यांच्या शोमध्ये आज्ञापालनाची स्पर्धा असते हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यातला पाया म्हणजे 'हील'. कुत्र्यानं माणसाच्या डाव्या बाजूला, त्याच्या गुडघ्याला आपला खांदा लागून असेल असं चालायचं. पट्टा सैल. माणूस वळला की वळायचं, थांबला की न सांगता बसायचं, आणि सुट्टीचा शब्द ऐकेपर्यंत ती जागा सोडायची नाही. मोठेबाबांचा तो शब्द होता 'छुट्टी'. स्पर्धेत कुत्री चालवणारे दुसरे हँडलर इंग्रजी शब्द वापरत. मोठेबाबा म्हणत, "कुत्र्याले काय फरक पडते? मले पडते." छुट्टी म्हटलं की फोरमन अंग झाडून गवतात लोळायला पळायचा. ते बघायला मला सरावापेक्षा जास्त आवडायचं.

कॉलेज संपल्यानंतर मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागले. शाळेत इंग्रजी, रस्त्यावर हिंदी, मराठी फक्त घरात, आणि तिन्हींत मी गप्पच. पाहुणे यायचे आणि आईला विचारायचे, ही बोलत का नाही? मोठेबाबांनी कधी विचारलं नाही. एकदा कलेजीचे उकडलेले तुकडे माझ्या हातात देत ते म्हणाले, "तू बोलत नाईस ते बरं हाये. लोकं कुत्र्यासंगं दिवसभर बडबड करतात, मंग कामाचा शब्द कोणता ते त्याले समजत नाई." मी तुकडे द्यायची, मोबाईलवर त्यांचा सराव रेकॉर्ड करायची आणि मग मोठ्या आईच्या हातचा चहा पिऊन घरी यायची. त्यांची चाल मला पाठ होती. टाच आधी, जड, एका तालात, आणि थांबायच्या आधीचं शेवटचं पाऊल आखूड. ते आखूड पाऊल म्हणजे फोरमनसाठी इशारा असायचा. मोठी आई म्हणायची, "मले घड्याळ नाई लागत. ह्यायचं ते बारीक पाऊल गेटापाशी वाजलं का मी चहा ठेवतो. ड्युटीवरून यायचे तवापासून."

मग रायपूरचा शो झाला. आदल्या वर्षी फोरमननं तिथे कप जिंकला होता. या वेळी तो रिंगच्या मधोमध, मोठेबाबा चालत असताना, बसला. ते थबकले, पुन्हा निघाले, तो उठला आणि वळणावर पुन्हा बसला. जजनं खाली मान घालून गुण कापले. बाहेर आल्यावर भिलाईचाच एक हँडलर हसून म्हणाला, "क्या दादा, आपका फोरमन तो हाजिरी लगा के बैठ गया." मोठेबाबाही हसले.

त्यानंतरचा महिना वाईट गेला. फोरमन रोज मध्येच बसायचा. मोठेबाबांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पट्टा आखूड धरला, तुकडे वाढवले, मग तुकडे बंद केले. एका संध्याकाळी त्यांनी पट्ट्याला जोरात हिसका दिला. मी तसं कधी पाहिलं नव्हतं. फोरमन ओरडला नाही, फक्त कान मागे घेऊन त्यांच्या पायाकडे बघत राहिला. "बिघडला हा," मोठेबाबा म्हणाले. "चांगलं केलेलं काम बिघडलं." त्या रात्री जेवण झाल्यावर त्यांनी माझ्याकडून मोबाईल मागून घेतला. आम्ही दोघं पलंगावर बसून रेकॉर्डिंग बघू लागलो. त्यांनी एक तुकडा मागे न्यायला लावला. परत मागे. परत.

"कुत्र्याकडं नको पाहू," ते म्हणाले. "माया डाव्या पायाकडं पाह्य."

डाव्या पायाचा पंजा नीट उचलला जात नव्हता. काही पावलांनंतर तो जमिनीला घासायचा आणि ते पाऊल आखूड पडायचं. आखूड पाऊल पडलं की फोरमन बसायचा. तो शिकवलेलंच करत होता. मोठेबाबांनी मोबाईल परत दिला, उठले, बाहेर गेले. खिडकीतून दिसलं, ते ओट्यावर बसून फोरमनच्या मानेवरून हात फिरवत होते, जिथे पट्टा ओढला होता तिथे. मोठ्या आईनं विचारलं, "काय झालं वो?" मी मोबाईल तिच्यापुढे धरला.

रायपूरच्या डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्यांनंतर आजाराचं नाव सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जातात. पाय जाईल, मग हात, मग जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले, बहुधा मोठेबाबांना कळू नये म्हणून. बाहेर आल्यावर मोठेबाबा म्हणाले, "समजलं मले. त्यायचं तोंड मराठीतच होतं." मग पार्किंगपर्यंत माझा हात धरून चालले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आता फोरमनले माया बाजूनं काढा लागते."

मला वाटलं, ते त्याला कोणाला तरी देऊन टाकायचं म्हणताहेत. तसं नव्हतं. त्यांनी सांगितलं, ते प्लांटमध्ये होते तेव्हा सायकल स्टँडवर एक कुत्रं बसून राहायचं. त्याचा माणूस कामावर गेला आणि तिथेच मेला. "लोकं बिस्किट टाकायचे, फोटो काढायचे. म्हणे, काय वफादार कुत्ता है. मले त्याच्याकडं पाहवत नव्हतं. त्याले बस म्हणणारा गेला, अन् उठ म्हणणारं कोणी उरलं नाई. येवढीच गोष्ट हाये ते. माया फोरमननं तसं दारात बसून राहू नये. त्याले चालवाले अन् सोडवाले तू शिक." मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मंग कोण? तुया मोठ्या आईचे गुडघे पाह्यले का?"

माझ्याबरोबर फोरमन चालेना. मी खाली बघून, लहान लहान, कधी भरभर कधी हळू अशी चालते, म्हणजे चालायची. तो चार पावलं यायचा आणि मागे वळून मोठेबाबांकडे जायचा. मोठेबाबांनी त्याला बांधून ठेवलं. "आधी तू चाल." मग किती तरी संध्याकाळी मी त्या गल्लीत कुत्र्याशिवाय चालले आणि ते ओट्यावरच्या खुर्चीतून ओरडत राहिले. टाच आधी. मान वर. कोणाची चोरी केली का तू? शेजारची पोरं हसायची. मी रडले तेव्हा ते म्हणाले, "रड, पण ताल नको मोडू." शेवटचं पाऊल आखूड टाकणं सगळ्यात कठीण होतं, कारण तोवर त्यांना स्वतःला ते दाखवता येत नव्हतं. ते हातानं खुर्चीच्या दांड्यावर वाजवून दाखवत... ठक, ठक, टक. पुढे तो हातही उचलेनासा झाला.

फोरमन हळूहळू माझ्याबरोबर चालू लागला. पण गेटाच्या आत आला की सरळ खुर्चीच्या डाव्या बाजूला जाऊन बसायचा. मोठेबाबांनी त्याच्याकडे बघणं बंद केलं होतं. शाबासकी नाही, हात नाही, तुकडा नाही. ज्या माणसानं त्याला तळहातावर दूध पाजलं होतं, तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. मोठी आई चिडली. "जनावराचे शाप घेता काय जाताजाता?" बोलणं तेव्हा त्यांना कठीणच झालं होतं. शब्द ओला, जाड यायचा, अर्धा गिळल्यासारखा. पाण्याचा घोटसुद्धा ठसक्याशिवाय उतरत नव्हता.

एका दुपारी मी गेले तर फोरमन खुर्चीजवळ ताठ बसलेला, जीभ बाहेर, समोरच्या भांड्यातल्या पाण्याकडे बघत. मोठी आई म्हणाली, "सकाळपासून बसला हाये. उठत नाई, पाणी पेत नाई." मोठेबाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुन्हा पुन्हा काही तरी म्हणत होते. मला ते कळलं, फोरमनला कळत नव्हतं. ते छुट्टी म्हणत होते, आणि तो शब्द तसा ऐकायला येत नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "छुट्टी." फोरमननं माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. तो उठला, अंग झाडलं आणि त्यांची बाजू सोडून पाण्याकडे गेला.

मला वाटलं, आता ते डोळे मिटून घेतील. पण त्यांनी मान किंचित हलवली आणि त्या गिळलेल्या आवाजात एक शब्द म्हटला, तो मात्र आम्हा दोघींनाही कळला. "परत." मी फोरमनला पाणी पिऊ दिलं, त्यांच्या डाव्या बाजूला आणून बसवलं आणि पुन्हा सोडवलं. ते म्हणाले, परत. जवळजवळ रोज, ते संपेपर्यंत, आम्ही तो सराव केला. शेवटी शेवटी फोरमन मी शब्द पुरा करायच्या आत उठायचा.

मोठेबाबा गेले त्या दिवशी बाबा नको म्हणाले होते, तरी मी त्याला घेऊन गेले. मोठ्या आईनंच निरोप पाठवला होता, "त्याले दाखवा. नाईतं शोधत राहीन." माणसांनी वाट दिली. मी जवळ जाऊन थांबले, तो माझ्या डाव्या बाजूला बसला. त्यानं पुढे वाकून मोठेबाबांचा हात हुंगला आणि मग माझ्या तोंडाकडे बघितलं. मागून कोणी तरी म्हणालं, "काय कामाचं कुत्रं? मालक गेला, अन् याले काहीच नाई." मोठ्या आईनं मान वर न करता सांगितलं, "त्यायनंच शिकवलं त्याले तसं." फोरमन त्या दारात बसून राहिला नाही. खुर्ची अजून ओट्यावर आहे, तिच्या बाजूनं तो सरळ निघून जातो. मोठेबाबांचं काम पुरं झालं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. फोरमन आता आमच्या घरी असतो; मी रोज संध्याकाळी त्याला घेऊन मोठ्या आईकडे जाते. पहिल्याच आठवड्यात एकदा मी गेटापाशी आखूड पाऊल टाकून थांबले आणि आतून दार धाडकन उघडलं. ती पदर सावरत उभी होती, मागे गॅसवर चहा ठेवलेला. माझ्याकडे बघून तिनं चौकट धरली. मग म्हणाली, "असं नको चालत येऊ वो पोरी, दारापर्यंत."

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या वळणावर मी बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी, पूर्वीसारखी, कशीतरी चालत आले. फोरमन गोंधळून मागेपुढे होत होता. मोठी आई ओट्यावर खाली बसली होती, मोठेबाबांच्या खुर्चीच्या पायाला पाठ टेकून. चहा नव्हता. "आज काऊन उशीर केला?" तिनं विचारलं. उशीर झालेला नव्हता. ती माझ्या हातातल्या बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घालूनच येत जा."

तेव्हापासून मी बूट घालून येते. टाच आधी, मान वर, आणि गेटापाशी शेवटचं पाऊल आखूड. फोरमन बसतो. आत गॅस पेटल्याचा आवाज येतो. मी हळूच छुट्टी म्हणते. तो उठून अंग झाडतो आणि अंगणात पळतो... दार उघडेपर्यंत मी तिथेच उभी असते.