अकीकावरचा बैल

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. शाळेत इतिहास शिकवताना मुलांना सांगते, जुनी वस्तू सापडली तर जपा. मग मी फळा पुसायला वळते.

शबाना आणि मी मोताळ्याहून एकाच एसटीनं कॉलेजला जायचो. दोघींच्याही घरात कॉलेजचं तोंड पाहणाऱ्या आम्हीच पहिल्या. तिचे अब्बा भाजीपाला पिकवायचे, माझे वडील शिवणकाम करायचे. एकीनं डबा आणला तरी दोघी जेवायचो. मग हेवा कशाचा? रूपाचा नव्हे, कपड्यांचा तर नव्हेच. इतिहासाचे सर एकदा वर्गात म्हणाले होते, "शबानाला नजर आहे." एवढंच. मार्क माझे जास्त असायचे, त्यावर सर "छान" म्हणायचे. पण तिच्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलायचा. तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला तो आवाज जेवतानाही ऐकू यायचा.

सरांचे माझ्यावर फार उपकार आहेत. पांढरीत कसं शोधायचं ते त्यांनीच दाखवलं. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचा उंचवटा — आमच्याकडे लोक तिथली माती भिंती लिंपायला आणतात. मी सुट्टीच्या दिवशी तिथं जायची. शबानाला न सांगता — का, ते तुम्ही ओळखलंच असेल. उन्हात वाकून वाकून कंबर मोडायची, आणि हाती यायची नुसती खापरं.

तिला मात्र मिळालं. न शोधता! वांग्याच्या वाफ्यात! चाचांचं, म्हणजे तिच्या अब्बांचं, शेत पांढरीला लागूनच होतं.

ओढणीच्या टोकाला गाठ मारून ती तो खडा घेऊन आमच्याकडे आली. मी कणीक मळत होते. "मंगल, हे पाय ना वं, काय हाये? सरायले दाखवू का? उगाच हसतीन मले."

तांबडा अकीक. चिंचोक्याएवढा, एका बाजूला काहीतरी खोल कोरलेलं. ती पाणी प्यायला माठाकडे गेली आणि मी तो कणकेवर दाबला. उचलला — तर कणकेत बैल उभा! वशिंड, खाली घातलेली मान, शेपटीचा गोंडासुद्धा. फार पूर्वी कुणा व्यापाऱ्यानं याच बैलानं आपला माल मोहोरबंद केला असेल. जुनी मुद्रा होती ती. मला त्याच क्षणी कळलं.

आणखीही कळलं. उन्हाळ्यात सर एकाच मुलीला उत्खननावर नेणार होते. शबानाच्या घरी लग्नाची बोलणी चालली होती, आणि तिला एम. ए. करायचं होतं. सर स्वतः येऊन बोलले तर अब्बा थांबतील, असं ती बसमध्ये रोज म्हणायची. हा खडा पाहून सर आले नसते का? धावत आले असते.

तिची पावलं वाजली. मी मुठीनं कणीक दाबून टाकली. बैल गेला.

"बजारातला हाये वं," मी म्हटलं. "मशीनचा. उरसात ढिगानं भेटते असे."

"मले वाटलंच होतं," ती हसली. "चाल माय, इज्जत वाचली माही!"

उत्खननावर मी गेले. परत आले की खरं सांगू, असं मनाशी म्हणत होते. खडा कुठं पळून जाणार होता? पण एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. अकीक त्यांच्याकडे मानाचा, अंगठीत घालतात. आणि बोटात जनावराचं चित्र घेऊन नमाजला उभं कसं राहायचं? तिचे मामू नगिने घासायचं काम करायचे. त्यांनी बैल घासून काढला. त्यांचं काय चुकलं? बाजारातलाच तर खडा होता — मीच तसं सांगितलं होतं.

ईदला शीरखुर्मा प्यायला गेले, तेव्हा चाचांनी हात पुढं केला. "पाय बेटी, कशी चमकते! तू सांगितलं म्हून समजलं. नाही तं ही पोट्टी घेऊन चालली होती कॉलेजात."

बोटात गुळगुळीत तांबडा थेंब. मी म्हटलं, "छान दिसते, चाचा." आणि वाटी पुन्हा भरून घेतली.

त्याच वर्षी शबानाचं लग्न झालं. एम. ए. मी केलं. मला वाईट वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं? नंतर वाटलं. तिच्या मांडवात मात्र मला हलकं वाटत होतं — आता सर तिच्याबद्दल त्या आवाजात बोलणार नाहीत म्हणून. हेच मला लपवायचं होतं. खोटं बोलण्यापेक्षाही हे.

परवा ती चिखलीच्या बसस्टँडवर भेटली. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी होती. "हे मंगलमौसी," तिनं लेकीला सांगितलं, "हिच्यासारखी शिक. हिनं माहं सरायसमोर हसू होऊ देलं नाही."

मुलीनं मला सलाम केला. मी तो घेतला.