तिचे पन्नास टक्के

बायको जाऊन दीड महिना झाला होता, तेव्हा विमा कंपनीचं पत्र आलं. तिच्याच नावानं. लिहिलं होतं की आपण जबाबदार चालक आहात, इतक्या वर्षांत एकही क्लेम घेतला नाही, म्हणून गाडीच्या पॉलिसीवर याही वर्षी आपल्याला पन्नास टक्के सूट. खाली एका हसऱ्या बाईचा फोटो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण एवढं समजतं. पैसे मागायला कंपनीला मेलेलं माणूसही चालतं.

गाडी तिच्या नावावर होती, कारण कर्ज तिलाच मिळालं. ती बुटीबोरीच्या पुढे एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, तिच्याकडे पगाराची स्लिप होती. माझं डेंटिंग-पेंटिंगचं दुकान, म्हणजे एक टिनाचं शेड. ठोकलेल्या गाड्या सरळ करायच्या अन् रंगवायच्या, चाळीस वर्षं हेच केलं. बँकेला माझ्याकडचा एकही कागद पटला नाही. पन्नाशीच्या तोंडावर ती गाडी चालवायला शिकली, अन् मग स्टिअरिंग मला कधी दिलंच नाही.

"तुमचा जनम ठोकलेल्या गाड्यांत गेला," म्हणायची. "हाताले तेच वळण आहे. बाजूले बसा."

बसलो. अकरा वर्षं बाजूला बसलो.

क्लेम घेतला नाही तर दरवर्षी सूट वाढते, हे तिला एजंटनं सांगितलं अन् ते तिच्या डोक्यात बसलं. पहिल्या वर्षी वीस, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, शेवटी पन्नास. पोरांचे मार्क सांगावे तशी ती शेजारणींना सांगायची. पस्तीसवर होती तेव्हा पोराच्या लग्नाचं कापड घ्यायला आम्ही गांधीबागेत गेलो. कापडाचे गठ्ठे लादलेला एक ठेला दाराला घासून गेला, हँडलपासून पार मागच्या लाइटपर्यंत. मी म्हटलं, क्लेम घे, दार नवीन बसवून देतील. माझ्या दुकानात येणारे लोक तर जुने ओरखडेही क्लेममध्ये घुसवायचे.

"अन् माझे पस्तीस?"

"पस्तीस टक्क्यांत काय येते वं? माझा रंगच त्याच्यापेक्षा महाग आहे."

"तुमचा रंग घरचा आहे. गाडीवर डाग चालते, कागदावर नाही पाहिजे."

रविवारी मी आतून लोखंडी ठोकळा लावून दार ठोकून काढलं, पुट्टी भरली, पाणी मारत पॉलिश पेपर घासला, रंग मारला. ती चहा घेऊन आली अन् डोळे मिटून दारावरून तळहात फिरवला. "इथं लागते अजून." मी शिव्या घातल्या अन् पुन्हा घासलं. तेव्हापासून त्या गाडीला जे काही लागलं ते मीच काढलं. म्हणजे तिच्या पन्नासमध्ये माझी हातोडी होती, पण ते मी कधी बोललो नाही. बोललो ते वेगळंच. सूट लागते फक्त गाडीच्या नुकसानीच्या भागावर, अन् गाडीची किंमत कंपनी दरवर्षी खाली आणते. दुसऱ्याला लागलं तर भरायचा जो थर्ड पार्टीचा भाग असतो, त्यावर एक पैसा सूट नाही. मी दरवर्षी पॉलिसी तिच्यापुढे धरायचो अन् फुकटच्या कोथिंबिरीचा दाखला द्यायचो.

"ही कंपनी म्हणजे तुझा भाजीवाला. मूठभर हिरवा सांबार फुकट देते अन् टमाटरात वसूल करते."

"तुम्ही त्याचा सांबार परत देऊन येता का?"

मी पॉलिसीची घडी करून कपाटात ठेवून द्यायचो.

तर ते पत्र घेऊन मी एजंटकडे गेलो. आमच्याच गल्लीतला, तेरवीला जेवून गेलेला.

"काकाजी, काकूच्याच नावानं भरून टाकू," तो म्हणाला. "नाव बदलवाले गेले तर आरटीओचे चकरा. अन् तुमच्या नावानं काढली तर सूट झीरो."

"झीरो काहून?"

"सूट गाडीची नसते ना जी, माणसाची असते. तुमच्या नावावर कधी गाडीच नव्हती."

"माणूस तर गेलं."

"कंपनीले थोडी माहीत आहे."

मला तेच ऐकायचं होतं, कबूल करतो. त्या दीड महिन्यात राशन कार्डावरून तिचं नाव गेलं, गॅसवरून गेलं, बँकेतून गेलं. प्रत्येक ठिकाणी एक माणूस पेन घेऊन बसलेला. गाडीच्या कागदावर ती अजून मालक होती. मी पैसे भरून टाकले.

मे महिन्यात कूलर पडला. आमचा कूलर जुना लोखंडी, वरच्या मजल्याच्या खिडकीला बाहेरून अँगलचा स्टँड लावून बसवलेला. खाली गाडी. होळी झाली की ती मला वर चढवायची, स्टँड खरवडून रेड ऑक्साइड मारायला लावायची. "रंगाऱ्याच्या घराले जंग लागला तर लोक शेण घालतील तोंडात." यंदा होळी आली, गेली. सांगणारं कोणी नव्हतं अन् मी वर गेलो नाही. उन्हाळ्यात नुसतं बटन दाबलं. एका दुपारी आंधी सुटली. तासाभरापूर्वीच मी टाकी काठोकाठ भरली होती. स्टँड तुटला अन् कूलर पाण्यासकट गाडीवर आला. बाहेर येऊन पाहतो तर टप, म्हणजे गाडीचं छत, आत बसलेला, समोरच्या काचेचा चुरा, अन् तिच्या सीटवर ओला वाळा पसरलेला.

पोरगा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "बाबा, क्लेम टाका. नाही तर पैसे कायले भरले?" त्यानंच तिथून क्लेम नोंदवला. मी नाही म्हटलं नाही. गिऱ्हाइकांना जन्मभर मी तरी दुसरं काय सांगत होतो?

तिसऱ्या दिवशी कंपनीचा सर्व्हेअर आला. ओळखीचा निघाला. नुकसान पाहायला माझ्या शेडमध्ये यायचा, तेव्हा त्याचे केस काळे होते. त्यानं फोटो काढले. तुटलेल्या अँगलचा जंग बोटानं खरवडून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला लागलं.

"वहिनीची सही लागते," तो म्हणाला. "बोलवा जरा."

"ती फेब्रुवारीत गेली."

तो कागद पाहत राहिला. "पॉलिसी तर मार्चअखेरची आहे, भाऊ."

"हाव."

तो पायरीवर बसला. मी चहा केला, साखर जास्त पडली, त्यानं निमूट घेतला. मग म्हणाला, "तुम्हाले खोटं कायले सांगू? मी रिपोर्ट पाठवला का कंपनी एका ओळीत नाही म्हणते. पॉलिसी सुरू झाली तेव्हा माणूसच नव्हतं, तर ती पॉलिसी कोणाची? गाडीखाली कोणी आलं असतं तर तुमचं घर गेलं असतं."

"पैसे घेताना काहून नाही विचारलं, बाई जिवंत आहे का?"

"घेताना कोणी विचारते का कधी?"

"अन् तिचे पन्नास?"

त्याला समजलं नाही.

"तिची सूट. अकरा वर्षांची. तीही गेली का?"

त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, एजंटनं अर्धंच सांगितलं. बायको मेली तर तिची सूट नवऱ्याला मिळते. पण आधी आरटीओत गाडी नवऱ्याच्या नावावर झाली पाहिजे, तिची खरी पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांच्या आत झाली पाहिजे, अन् तिच्या नावावर क्लेम नको. त्यातले पन्नासच्या वर दिवस गेले होते. अन् क्लेम तर पोरानं टाकून ठेवला होता.

म्हणजे पन्नास वाचवायचे तर तिचं नाव माझ्या सहीनं काढायचं.

दोन दिवस मी काहीच केलं नाही. गाडीवर ताडपत्री टाकली अन् आत बसून राहिलो. मनात हिशेब एकच चालला होता. कागदावर नाव ठेवायची हौस माझी होती. तिनं कधी म्हटलं नाही, माझं नाव ठेवा. तिनं जपलं ते पन्नास. अन् माझ्या आळसानं पडलेल्या कूलरपायी तिच्या नावावर पहिला क्लेम लागला होता, ती मेल्यावर.

तिसऱ्या दिवशी रामदासपेठेत कंपनीच्या ऑफिसात गेलो. दीड तास टोकन हातात. काउंटरवरची पोरगी कॉम्प्युटरकडे पाहूनच बोलायची.

"क्लेम परत काहून घेऊन राहिले काकाजी? कारण काय टाकू?"

"नाही पाहिजे म्हणून."

"असं कारणच नाही आहे याच्यात."

"काय काय आहे?"

तिनं वाचून दाखवलं. गाडी सापडली, तडजोड झाली, चुकून नोंद झाली. मी म्हटलं चुकून टाका. तेवढं खरं होतं. मग विचारलं, मार्चमध्ये भरलेल्या पैशाचं काय? ती म्हणाली, अर्ज द्या, कापून जे येईल ते येईल. कशाचं कापता, म्हटलं, तुम्ही विमा तर दिलाच नाही. म्हणाली, सिस्टम कापते. आमच्या शेडमध्ये हातोडी बोटावर पडली तर आम्ही हातोडीला दोष देत नव्हतो. इथे सगळे देतात.

आरटीओत चार चकरा झाल्या. मृत्यूचा दाखला, माझं प्रतिज्ञापत्र, पोराचं हरकत नसल्याचं पत्र पुण्याहून. एकदा साहेब जेवायला गेले ते आलेच नाहीत. एकदा म्हणाले, चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलनं त्याचा ठसा उतरवून आणा. तो मात्र मी असा उतरवला की साहेबानं कागद उजेडात धरून पाहिला. शेवटच्या दिवशी बाबूनं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मालकाच्या जागी माझं नाव. "बरोबर आहे का पाहा," म्हणे. बरोबर होतं.

तोवर घरी गाडीचं काम चालू होतं, कारण नवी पॉलिसी देण्याआधी कंपनीला गाडीचे फोटो पाहिजे होते. काच विकत आणून बसवली. टपाचा पोचा मीच काढला. आतलं कापड सोडवलं, ठोकळा वर दाबून धरला अन् लाकडी हातोड्यानं बाहेरून मारत गेलो. आधी अर्ध्या दिवसाचं काम होतं, आता वयानं हात मंद झाला, चार दिवस लागले. रंग मारल्यावर डोळे मिटून तळहात फिरवला. ड्रायव्हरच्या सीटच्या वर एक लाट राहिली आहे. इथं लागते अजून, हे मलाच म्हणावं लागलं. पुन्हा घासायची ताकद नव्हती.

नव्वदला सहा दिवस बाकी असताना पॉलिसी निघाली. माझं नाव, पुढे पन्नास टक्के. अन् एवढं करून खालची रक्कम गेल्या वर्षीपेक्षा जास्तच. एजंट रस्त्यात भेटला.

"अभिनंदन काकाजी, भेटले म्हणते पन्नास."

"तू तेरवीचं जेवण परत दे," मी म्हटलं.

तो हसला. मी हसलो नाही.

आता गाडी मी चालवतो. आठवड्यातून एकदा, भाजी अन् औषधं आणायला. लायसन जुनं आहे, लोकांच्या गाड्या चालवण्यात हयात गेली, पण या गाडीत बसलं की पाय आपोआप हलका होतो. तिचे पन्नास पुढच्या जूनपर्यंत न्यायचे आहेत, अन् काही लागलं तर ठोकून काढायला पहिल्यासारखे हात नाहीत. मागचे हॉर्न वाजवतात. परवा सिग्नलपाशी एक स्कूटरवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "काकाजी, बैल उपाशी आहे का?"

"तू जाय बा समोर," मी म्हटलं, अन् तो पार दिसेनासा होईपर्यंत गिअर टाकला नाही.