चंपाबाई कासारणीचा दावा

चंपाबाई कासारणीनं हात हातात घेतला की बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंच नाही, अशी आष्ट्याच्या पेठेत तिची ख्याती होती. समोरच्या बाईचा अंगठा ती तळव्यात दुमडायची, बोटांनी हाडं चाचपायची आणि तोंडानं माहेरची चौकशी सुरू करायची. बाई धाकट्या भावाच्या लग्नाची हकिगत सांगत असतानाच मनगटावर बांगड्या किणकिणायला लागायच्या. तिचा नवरा श्रेणिक हाही जातिवंत कासार, पण बांगडी भरताना तो भला माणूस स्वतःच घामाघूम व्हायचा, म्हणून बायका त्याला चुकवून तिच्यापुढं बसायच्या. त्याला त्याचं काही वाटत नसे. सांगलीहून माल आणावा, माळा ओवाव्यात आणि बायकोचं कौतुक कानांवर पडू द्यावं, एवढ्यात गडी खूश होता.

असा हा हात एका मोटारीच्या दारानं खाल्ला. लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं, आणि लालासाहेबांची आष्टा-सांगली सर्व्हिस मोटार मागं कोळशाची शेगडी लावून धापा टाकत पळायची. तिच्या मागच्या दाराची कडी मोडून कितीतरी महिने झाले होते. दार सुंभानं बांधलेलं असे. उतारूंनी ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं मालकाला सांगितलं, आणि मालकानं सांगितलं की सुंभ अजून मजबूत आहे. लालासाहेब वाईट माणूस होते असं नाही, पण खिशात हात घालायची वेळ आली की त्यांना ऐकू यायचं बंद होई. त्या दिवशी चंपाबाई सांगलीहून माल घेऊन दाराशी बसली होती. वळणावर सुंभ तुटला, दार उघडलं, बाहेर झुकणारी पेटी धरायला तिनं उजवा हात घातला आणि तेच दार उलटं येऊन तिच्या कोपरावर आदळलं.

हाड महिन्या-दीड महिन्यात सांधलं. बोटं मात्र परत आली नाहीत. अंगठा तेवढा शाबूत, बाकीची चार बोटं दिसायला जशीच्या तशी, पण त्यांना गरम कळेना की गार, ओलं कळेना की सुकं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कोपरापाशी हाताच्या शिरा चिरडल्या आहेत. वर्षभरात जाणीव आली तर आली, नाहीतर नाही. चंपाबाईनं त्यातलं ‘आली तर आली’ एवढंच ध्यानात ठेवलं आणि रोज तेल कढवून बोटं चोळायला लागली.

लालासाहेब समाचाराला आले नाहीत. वरून पेठेत बोलले की कासारणीचा हात तर धडधाकट दिसतोय, तिला आता बसून खायचं सुचलंय. हे ऐकलं आणि चंपाबाईचं डोकंच फिरलं. जन्मात तिला कुणी आळशी म्हटलं नव्हतं, लबाड तर नाहीच नाही. कुणीतरी हळूच सुचवलं की कुंडलच्या पोरांकडं निरोप धाड, पत्री सरकार एका बैठकीत निवाडा करतं. ती म्हणाली, झाडाखालचा निवाडा नको, जिथं भिंतीवर घड्याळ आहे आणि माणूस शपथेवर बोलतो तिथं याला उभा करीन. आणि नवऱ्याला पुढं घालून ती इस्लामपूरला मानसिंगराव वकिलांच्या दारात जाऊन बसली. हलगर्जीपणामुळं हात कायमचा गेला, त्याची नुकसानभरपाई द्यावी, असा दावा लागला. कासारणीनं मोटारमालकावर दावा लावला म्हटल्यावर पेठेत जी खळबळ उडाली ती काही विचारू नका. लोक बांगड्या नको असतानासुद्धा दुकानावरून चक्कर मारून जाऊ लागले.

दाव्याला वर्ष उलटून गेलं. सुंभाची गोष्ट कोर्टात शाबीत झाली, कारण उतारूंपैकी निम्म्यांनी तो सुंभ कधी ना कधी स्वतःच्या हातानं बांधला होता. उरला एकच प्रश्न, हाताला जाणीव परत आली की नाही? लालासाहेबांच्या वकिलाचं म्हणणं पडलं की वर्ष झालं, हात बरा झाला, बाई सोंग करते आहे. मानसिंगरावांनी चंपाबाईला बजावून ठेवलं होतं की निकाल लागेपर्यंत बांगडीला हात लावायचा नाही. तिनं मान डोलावली होती.

पण कासारणीच्या घरची एक रीत आहे. पोटुशी बाई हिरव्या बांगड्या भरायला दारात आली तर तिला मोकळ्या हातानं परत पाठवायची नाही. लालासाहेबांच्या वकिलाला ही रीत माहीत होती की त्यांना कुणी सांगितली कोण जाणे, पण एका सकाळी लालासाहेबांची सून शालू सातव्या महिन्याचं पोट सावरत दुकानाची पायरी चढली. बरोबर लालासाहेबांची चुलतबहीण रंगूबाई. शालूला यातलं काही ठाऊक नव्हतं. वीस वर्षांची साधी पोर, कुंडलचं माहेर, नवरा रजेवर येऊन पुन्हा पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेला. सासऱ्यानं आपण होऊन बांगड्या भरून ये म्हटलं याचाच तिला आनंद झाला होता. श्रेणिक नेमका माल आणायला सांगलीला गेलेला.

चंपाबाईला वकिलाचं बजावणं आठवलं. ते तिनं बाजूला सारलं, आणि खरं सांगायचं तर फक्त रितीपायी सारलं नाही. वर्षभर तिच्या हाताला गिऱ्हाइकाचा हात लागला नव्हता. काय सांगावं, आज बोटं ऐकतील, असं तिच्या मनानं घेतलं, आणि तिनं हिरव्या बांगड्यांची माळ सोडली. डाव्या हातानं बांगडी सरकवली, उजव्या हातानं नुसता आधार दिला, तोंडानं माहेरची चौकशी चालू ठेवली. एक चढली. दुसरी चढली. तिला तर नाचावंसं वाटलं. मग एक बांगडी मध्येच वाढली, तिनं तुकडे बाजूला केले, दुसरी घेतली. तेवढ्यात शालूच्या मनगटावर तिला रक्त दिसलं. चंपाबाई चरकली. पोरीचा हात उलटासुलटा करून जखम धुंडाळू लागली.

“काकू,” शालू हळूच म्हणाली, “रगत माजं न्हाई. तुमच्या बोटाचं हाय.”

चंपाबाईनं बघितलं. तर्जनीच्या पेरात हिरवी काच रुतली होती आणि रक्त मनगटापर्यंत ओघळलं होतं. तिला त्याची गंधवार्ता नव्हती. तिनं पदरानं पोरीचं मनगट पुसलं, बोट मुठीत लपवलं आणि डाव्या हातानं कशाबशा उरलेल्या बांगड्या भरल्या. शालूनं रितीप्रमाणं वाकून नमस्कार केला तेव्हा तिनं मूठ पदराआडच ठेवून डावा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला. रंगूबाई पायरीवर पान लावत बसली होती. तिनं शेवटी मान वळवून भरलेले हात तेवढे नीट बघून घेतले.

आता गंमत बघा. दावा जिंकून देणारी गोष्ट चंपाबाईच्या स्वतःच्या बोटात घुसून बसली होती. शहाण्या माणसानं तसंच बोट घेऊन वकिलाचं दार गाठलं असतं. पण कासारणीच्या लेखी पोटुशीच्या हिरव्या बांगड्यांवर रक्त सांडणं याच्याइतका अपशकुन दुसरा नाही. ही गोष्ट तोंडातून बाहेर पडली तर ती पोरीच्या पोटाला बाधेल, या धसक्यानं तिनं वकिलालाच काय, श्रेणिकलाही सांगितलं नाही. बोट पिकलं, त्याला तिनं हळद बांधली आणि चूप बसली.

पुढच्या तारखेला कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मी आष्ट्याची पेठ इस्लामपुरात उतरली होती. रंगूबाई पिंजऱ्यात उभी राहिली आणि ठसक्यात सांगून मोकळी झाली की कासारणीनं आपल्यादेखत दोन्ही हात बांगड्या भरल्या. लोकांत कुजबूज उठली. मानसिंगरावांनी वाकून चंपाबाईला विचारलं, हे खरं का? तिनं हो म्हटलं. आणखी काही झालं का त्या दिवशी? ती जमिनीकडं बघत राहिली. वकिलांनी कपाळावर हात मारला.

मग लालासाहेबांच्या वकिलानं हुकमाचं पान टाकलं. भरलेल्या बांगड्याच साहेबांनी बघाव्यात म्हणून शालूला समोर आणलं. तिला आठवा सरत आलेला. जज्जसाहेबांनी तिला बसायला स्टूल द्यायला लावलं. तिनं दोन्ही हात पुढं केले. कोणी भरल्या? चंपाकाकूंनी. वकील हसून खाली बसले. लालासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. मानसिंगराव उठले खरे, पण काय विचारावं हे त्यांनाही सुचत नव्हतं, म्हणून त्यांनी सरळच विचारलं, की बाई, भरताना काय काय झालं तेवढं सांगा.

शालूनं चंपाबाईकडं पाहिलं. चंपाबाई तिकडून मान हलवत होती, नको, नको, बोलू नकोस. दावा गेला खड्ड्यात, पोरीनं ते तोंडातून काढू नये, एवढंच तिच्या जिवाला लागलं होतं. लालासाहेबही डोळे वटारून बघत होते. कारणं वेगळी, पण दोघंही एकाच गोष्टीसाठी तिला गप्प करत होते. पोरीनं एक हात पोटावर ठेवला.

“एक बांगडी वाढली, सायेब,” ती म्हणाली. “माज्या मनगटावर रगत आलं. काकू माजाच हात बघत बसल्या, बाळ तुला कुटं लागलं म्हनून. रगत त्येंच्या बोटाचं हुतं. काच आत रुतलीवती आन् त्यास्नी ठावंच नव्हतं. मी सांगितलं तवा कळलं. मामंजी रागावतील. पर माजं लेकरू जल्माला यायचंय, आन् मी शपथ घेतलीया.”

मिरजेचे डॉक्टर साक्षीसाठी आलेलेच होते. जज्जसाहेबांनी त्यांना बोट बघायला सांगितलं. डॉक्टरांनी हळदीची चिंधी सोडली, सुजलेलं पेर दाबलं, पिशवीतून चिमटा काढला आणि सगळ्यांदेखत आतून हिरव्या काचेचा कण ओढून काढला. पुढच्या बाकावरच्या श्रेणिकनं डोळे मिटून घेतले. चंपाबाईचा हात तसूभरही मागं सरला नाही. ती आपली शालूकडं बघून रडत होती, आणि डॉक्टर कधी आले आणि काय करून गेले याचा तिला पत्ताच नव्हता. लालासाहेबांच्या वकिलांनी आपले कागद आवरायला घेतले.

बाहेर येऊन बघतात तो लालासाहेबांची मोटार सुनेला मागं ठेवून निघून गेलेली. चंपाबाईला इतका संताप आला की डाव्या हातानं का होईना, त्या मोटारीवर दगड मारावा असं तिला वाटलं. पण मोटार दिसेनाशी झाली होती. श्रेणिकनं बैलगाडी ठरवली, तीत कडब्यावर घोंगडी अंथरली, आणि दोघांनी शालूला मधे बसवून, खाचखळगा आला की गाडीवानाला ओरडत, थेट कुंडलला तिच्या माहेरी पोचवली. वाटेत चंपाबाई सारखी तिच्या पोटाकडं बघत होती. शालूच हसून म्हणाली की काकू, पाय मारतंय, काय झालेलं न्हाई त्येला.

महिन्याभरानं निकाल लागला. हात कायमचा निकामी, दोष मोटारमालकाचा, भरपाई त्यांनी द्यायची. आष्ट्याच्या पेठेत त्या दिवशी गूळ वाटला गेला, हलगी कुणी आणली ते कळलं नाही, पण आणली. मानसिंगराव हार घालून घेत होते. ज्या तोंडांनी सोंगाडी म्हटलं तीच तोंडं आता चंपाबाईच्या धाडसाच्या गोष्टी सांगत होती, आणि तीही ऐकून घेत होती, का नाही घ्यायची? पण गूळ खाता खाता तिला मधूनच वाटे, अजून कुंडलचा निरोप आला नाही. निरोप येईस्तोवर तिला हा आनंद उसना घेतल्यासारखा वाटत होता.

तो आला गुढीपाडव्याच्या आसपास. मुलगी झाली, दोघी खुशाल. चंपाबाईनं चुलीवरचं दूध तसंच टाकलं आणि बाळाच्या काळ्या मनगट्या घेऊन बारशाला कुंडल गाठलं. शालूच्या पायाशी तान्ही पाळण्यात हातपाय झाडत होती. लालासाहेब येऊन नात बघून गेले होते म्हणे, बोलले काही नाहीत, पण पाळण्यापाशी बराच वेळ बसले. चंपाबाई वाकली, डाव्या हातानं एक मनगटी घातली, दुसरीसाठी उजवा हात पुढं केला, आणि पोरीनं तिचं तेच बोट घट्ट पकडलं. बायका हसल्या. चंपाबाईला इवलीशी मूठ दिसत होती, पांढरी पडलेली नखं दिसत होती, पण बोटाला काहीच कळत नव्हतं. वर्षभर तेल चोळताना, काच काढताना, निकाल ऐकताना ज्या हाताबद्दल ती एकदाही रडली नव्हती, त्या हातासाठी तिला आत्ता हुंदका फुटला. दुसरं बोट द्या की काकू, म्हणून शालूनं पोरीची मूठ सोडवायला हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे गं,” चंपाबाई म्हणाली. “नुसतं सांग मला, किती घट्ट धरलंय?”

शालूनं मुठीवर आपली बोटं ठेवून पाहिलं.

“लय घट्ट, काकू. सोडंना झालीया.”