उलटे कार्ड

आप्पांबद्दल लिहायचे मी बरीच वर्षे टाळले. कारखान्यातल्या बाकीच्या मंडळींवर मी अधूनमधून लिहीत आलो. जुने सहकारी भेटले की विचारायचे, "अहो साहेब, आप्पा राहिले की!" मी म्हणायचो, बघू. आता जिना चढताना मधे थांबावे लागते, आणि बघू म्हणायला पुढे फारसे काही उरलेले नाही.

आप्पा म्हटले की आधी त्यांचा उजवा तळहात आठवतो. गाडीच्या बॉनेटवर सपाट ठेवलेला, एखाद्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. डाव्या हातात कार्ड, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात हजेरी चाललेली.

"रंग पांढरा. हाय. मागं समोरासमोर बाकडी. हाय. पंखा एक. हाय. टपावर कॅरिअर. हाय."

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचा कारखाना नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतला, लहानसा. आता तो बंद पडला आहे. तिथे आम्ही घरगुती वापराच्या गाड्या जोडायचो. गिऱ्हाईक आपल्या गावच्या विक्रेत्याकडे गाडी सांगायचे, रंग कोणता, बाकडी कशी, पंखा हवा की नको. ती मागणी आमच्याकडे आली की तिचे जाड पुठ्ठ्याचे एक कार्ड बनायचे. प्लास्टिकच्या पाकिटात घालून ते गाडीच्या आरशाला तारेने अडकवले जाई आणि गाडीबरोबर सगळी शेड फिरे. जो जे काम करील तो त्यापुढे खूण करी. सगळ्यात शेवटी आप्पा. त्यांनी सगळे तपासून आपल्या नंबराचा शिक्का मारला की गाडी बाहेर आणि कार्ड रेकॉर्ड रूमच्या कपाटात. पुढे त्या गाडीचे काही बरेवाईट झाले, तर साक्षीला तेच कार्ड.

"कार्ड म्हणतं ते खरं," हे आप्पांचे वाक्य. माणूस इसरतो, माणूस खोटं बोलतो, माणसाला घरी जायची घाई असते. कार्डाला कसली घाई?

ते घोटीकडचे. शिक्षण बेताचे, हट्ट मात्र भरपूर. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे आणि हुद्द्याने माझ्या हाताखाली. त्यामुळे मी त्यांना आप्पा म्हणे आणि ते मला साहेब. अंतर आम्ही दोघांनी मिळून असे मिटवले होते. भाताच्या दिवसांत ते गावी गेले की येताना माझ्यासाठी चुरमुऱ्यांची पिशवी आणायचे. "वहिनीस्नी द्या. तुम्ही मधीच खाऊ नका."

एकदा एका गाडीत चुकून दोन पंखे बसले. आप्पांनी गाडी अडवली.

"अहो आप्पा, एक जास्तच दिलाय. गिऱ्हाईक खूश होईल," वायरिंगवाला म्हणाला.

"कार्डात एक हाय."

"मग दुसरा काय तुमच्या घरी लावू?"

"तुझ्या डोक्यावर लाव. तिथं गरम झालंय. पण ह्यातनं काढ."

पंखा निघाला. वायरिंगवाला आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. आप्पांना ते कळलेच नाही, असे मला वाटते.

एका दसऱ्याला पोरांनी आप्पांचेच कार्ड बनवले. यंत्रांची पूजा झाली, पेढे वाटले, आणि कुणीतरी ते मागून त्यांच्या गळ्यात अडकवले. रंग सावळा. चष्मा एक. आवाज दोन माणसांचा. आप्पांनी ते सगळे मोठ्याने वाचले. खिशातून पेन काढून चष्म्यापुढे लिहिले, 'काडी मोडकी'. पोरे ओरडली, "शिक्का मारा, शिक्का!" आप्पांनी जीभ फिरवून तोंडातले दात चाचपले आणि मान हलवली.

"दोन दात कमी हाईत. शॉर्ट गाडी. बाहेर जायची नाय."

आणि त्यांनी कार्ड पाकिटातून काढून उलटे करून परत घातले. कोरी बाजू वर. सगळी शेड हसली, कारण ही आप्पांची रोजची खूण होती. ज्या गाडीत काही कमी असेल, तिचे कार्ड ते उलटे करून ठेवत. कोरे कार्ड दिसले की समजायचे, हिला हात लावायचा नाही.

मी आता ज्या गाडीपाशी येतो आहे तिचे कार्ड त्यांनी असेच उलटे केले होते.

महिनाअखेर होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठरलेल्या गाड्या बाहेर पडल्याच पाहिजेत, असा वरून फोनवर फोन चालला होता. नेमक्या त्याच दिवशी स्टिअरिंगच्या सांध्यात घालायच्या पिना संपल्या. वस्तू करंगळीएवढी, पण ती नसेल तर सांध्याचा नट हळूहळू सैल होऊन निघू शकतो. आप्पांनी तशा सगळ्या गाड्या मागच्या मैदानात लावल्या आणि कार्डे उलटी केली. दुपारी घोटीहून निरोप आला. कापलेले भात शेतात पडून होते आणि आभाळ भरून आले होते.

"साहेब, जाऊ का?"

मला त्यांचे बरे करायचे होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. रजा मांडली असती तर पगार कापला गेला असता. मी म्हणालो, "जा. तुमचं हजेरीचं कार्ड संध्याकाळी मी मशिनमध्ये घालतो." तसे आम्ही एकमेकांसाठी करायचो. त्यांनी आपला शिक्का माझ्या हातात दिला. एरवी तो दोरीने त्यांच्या गळ्यात असे. "चिखलात पडायचा. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी मी मैदानात गेलो. पिना सकाळी येणार होत्या. मनाशी म्हटले, कार्डे आज पुरी करू, गाड्या कागदावर आजच्या तारखेत जातील, सकाळी ट्रकवर चढण्याआधी पिना घालून घेऊ. एकेक कार्ड मी काढले, सुलटे केले, आप्पांचा शिक्का मारला आणि परत घातले. मग शेडमध्ये येऊन त्यांचे हजेरीचे कार्ड मशिनमध्ये घातले.

सकाळी पिना आल्या. पण एक ट्रक पहाटेच भरून निघून गेला होता. त्यावर नांदगावची एक पांढरी गाडी होती. कार्ड सुलटे दिसले, शिक्का दिसला, भरणाऱ्यांनी भरली. मी नांदगावच्या विक्रेत्याला फोन लावला, तो लागला नाही. दुपारी पुन्हा लावणार होतो. दुपारी दुसरे काही निघाले. मग नव्या महिन्याची घाई सुरू झाली, आणि मी ती गाडी विसरलो. हे लिहायला एवढी वर्षे लागली, आणि वाचायला बघा किती कमी वेळ लागतो.

काही महिन्यांनी ती गाडी एका वळणावर वळलीच नाही. चालवणारा वाचला. शेजारी त्याची बायको बसली होती, ती वाचली नाही.

चौकशी बसली. रेकॉर्ड रूममधून कार्ड आले. शिक्का आप्पांचा. हजेरी काढली, तर आप्पा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कामावर. टेबलाच्या एका बाजूला साहेब लोक, त्यांच्यात मी. समोर आप्पा उभे. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि कार्ड वाचले. या वेळी मनातल्या मनात. मला वाटले, आता त्यांना आठवेल. घोटी, भात, भरून आलेले आभाळ. पण दर महिनाअखेरीला मैदानात अशा गाड्या उभ्या असत. त्यातली कोणती, कोणत्या दिवसाची, कुणाला आठवणार?

"आप्पा, पिन नसताना शिक्का कसा मारला?" कुणीतरी विचारले.

"मी असा मारत नाय," ते म्हणाले. मग पुन्हा कार्डाकडे पाहिले. "पण हितं मारलाय."

"म्हणजे?"

"म्हंजे मारला असणार, साहेब. कार्ड म्हणतंय."

मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होतो. माझी मुलगी तेव्हा बारावीला होती, घराचे कर्ज होते, बढतीची यादी लागायची होती. ही सगळी कारणे खरी आहेत. माझ्या काही उपयोगाची नाहीत.

आप्पांना तपासणीवरून काढून कँटीनच्या कुपनांच्या खिडकीत बसवले. तिथे ते प्रत्येक कुपन दोनदा उलटसुलट करून पाहायचे. रांग ओरडायची. काही महिन्यांत त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेला माणूस बसल्या जागेवरून शिक्के मारायचा, आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हते. मला बढती मिळाली.

पुढे सिडकोतल्या त्यांच्या घरी मी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, दारातच भेटल्या. "साहेब, तुम्ही तरी सांगा यांना. गॅस बंद केला का म्हणून रातीतनं चारदा उठतात. मी बंद केला म्हटलं तरी स्वतः बघतात, आणि बघून आले तरी विश्वास नाय. नातीला शाळेत सोडायची गाडी इकून टाकली. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाय."

आत आप्पा म्हणाले, "या साहेब." वहिनी चहा घेऊन आल्या. सांगायला गेलो होतो, भाताच्या भावावर बोलून परत आलो. असे मी तीन-चारदा गेलो असेन. दर वेळी चहा झाला.

एकदा ते पंचवटीत दिसले. तिथे वाहने लावायच्या जागेत कुठल्याशा पांढऱ्या गाडीच्या पुढच्या चाकामागे वाकून बघत होते, जवळजवळ जमिनीला टेकून. ड्रायव्हर धावत आला.

"ओ बाबा, काय काढताय खालून? चला निघा!"

"काढत नाय रे. हाय का ते बघतोय."

"काय हाय का?"

आप्पा उठले, गुडघे झटकले. "हाय," म्हणाले, आणि पुढच्या गाडीकडे गेले. माझ्याकडे त्यांचे लक्ष गेले नाही. मी हाक मारली नाही. सिडकोपासून ते तिथवर चालत येत असत, कारण कुठल्याही वाहनात बसणे त्यांनी सोडून दिले होते.

कधी कधी मला वाटायचे, त्यांना ठाऊक असेल. मला वाचवण्यासाठी गप्प असतील. तसे असते तर मला बरे वाटले असते. पण आप्पांना तसले नाटक जमणारे नव्हते. कार्डावर होते ते त्यांनी मानले होते, एवढेच.

कारखाना बंद झाला तेव्हा रेकॉर्ड रूमही रिकामी झाली. कार्डे रद्दीत गेली. दाखवायला आता माझ्याकडे काहीही नाही.

गेल्या वर्षी वहिनींचा निरोप आला, आप्पा अंथरुणाला खिळलेत, तुमची आठवण काढतात. जाताना रिक्षात मी वाक्ये पाठ केली. या वेळी चहाच्या आधी बोलायचे ठरवले होते.

खोलीत गेलो. चष्मा काढून ठेवलेला होता. काडी अजून दोऱ्याने बांधलेली. त्यांनी आवाजावरून मला ओळखले आणि हात पुढे केला. तो तळहात मी हातात घेतला. मी तोंड उघडले.

"साहेब," ते आधी बोलले, "लय दिवस म्हणायचं ऱ्हायलं होतं. ती नांदगावची गाडी. माझ्यामुळं तुमचीबी मान खाली गेली त्या लोकांसमोर. त्या बाईचं तर काय करणार, तिची माफी कुठं मागू? तुमची तरी मागतो. माफ करा."

वहिनी दारात उभ्या होत्या, डोळ्यांना पदर लावून. आप्पांनी माझा हात धरून ठेवला होता. वाट बघत होते.

मी म्हणालो, "असू द्या आप्पा. झालं गेलं."

त्यांनी डोळे मिटले. चार दिवसांनी ते गेले.

रिक्षात पाठ केलेली वाक्ये अजून तशीच पाठ आहेत. आप्पा, त्या गाडीवर शिक्का तुम्ही मारला नव्हता. मी मारला. तुम्ही कार्ड उलटे करून गेला होतात.